तिसरा नंबर

“अंगठा नको भाऊ, नुसता मोबाईल नंबर सांगा,” प्रतिभा म्हणाली.

गेणभाऊंनी पुढे केलेला अंगठा मागे घेतला आणि पायजम्याला पुसला. सरकारी काम म्हटलं की अंगठा लागतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नंबर सांगितला. त्यांच्या बटणांच्या फोनवर मेसेज वाजला. त्यातले सहा आकडे त्यांनी एकेक करून, मीटरचं रीडिंग वाचावं तसे वाचून दाखवले.

खोडदच्या चौकात डेअरीला लागून प्रतिभाचं कॉम्प्युटरचं केंद्र होतं. सातबारा, पीकविमा, आधार, सगळं तिथेच. गेल्या आठवड्यापासून तिथे वेगळीच रांग लागत होती. गावातल्या एकाला परराज्यातल्या पोलिसांचा फोन आला होता. त्याच्या नावावरच्या सिमकार्डावरून कुणीतरी लोकांना फसवत होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. तेव्हापासून जो तो आपल्या आधारवर किती सिमकार्डं आहेत ते बघायला येत होता.

“तीन हायेत,” प्रतिभा पडद्याकडे बघत म्हणाली. “पयला तुमचा. दुसरा कुनाचा?”

मधल्या आकड्यांवर फुल्या होत्या. गेणभाऊंनी शेवटचे चार आकडे बघितले.

“तो अंजनाचा. तिच्या आधारवर माहेरचं नाव, पत्ता बी तिकडचाच. म्हनून माझ्या नावावर घेतला व्हता.”

अंजनाकाकूंना जाऊन आठ महिने झाले होते.

“आन् तिसरा? शेवटी चव्वेचाळीस एक्काहत्तर.”

“तो माझा न्हाई.”

“मग हितं बटण हाय बगा, ‘माझा नंबर नाही’. दाबू? चार-आठ दिसांत बंद व्हईल.”

“थांब.”

“आता कशाला थांबायचं? उद्या त्यानं काय उद्योग केला तर पोलीस तुमच्या दारात येतील, त्याच्या न्हाई.”

“आगं, जळालेली मोटर आली तर मी आदी खोलून बगतो का जळाली ते. तशीच भंगारात देतो का? कोन हाय ते बगू तरी.”

मागे उभे असलेले लोक हसले. प्रतिभाने मान हलवली. “सोमवारपर्यंत. सोमवारी आला न्हाईत तरी मी घरी येऊन दाबायला लावीन.”

गेणभाऊ बाहेर पडले. त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान घराच्याच पडवीत होतं. तिथवर चालत येताना ते आपल्या अंगठ्याकडे बघत होते. चाळीस वर्षं तांब्याची तार ओढून आणि वार्निशात बुडवून त्या अंगठ्यावरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. रेशनच्या मशीनवरही तो धड उमटत नसे. आणि त्यांना एकदम आठवलं. दोन वर्षांपूर्वी नारायणगावच्या बाजारात, छत्रीखाली बसलेल्या पोराकडून अंजनासाठी सिमकार्ड घेतलं होतं. त्या पोराने अंगठा घेतला, पाच मिनिटं काहीतरी केलं आणि म्हणाला, “काका, परत एकदा.” अंजना शेजारी उभी होती. ती हसून म्हणाली होती, “लावा की. झिजायचा तेवढा झिजलाय आता.”

म्हणजे दुसऱ्या अंगठ्यात त्या पोराने दुसरं कार्ड काढलं. आणि विकलं कुणाला तरी.

गेणभाऊंना राग यायला हवा होता, पण त्यापेक्षा नवलच जास्त वाटत होतं. दोन वर्षं आपल्या नावाने कुणीतरी कुठेतरी बोलतं आहे. काय बोलत असेल? कुणाशी?

घरी आल्यावर त्यांनी खिडकीतला अंजनाचा फोन उचलला. तो ते रोज चार्ज करत. तिच्या बहिणीचे, भाच्यांचे फोन त्यावर येत, एवढंच कारण ते सांगत. स्वतःहून त्यांनी तो कधी उघडला नव्हता. आज चष्मा लावून उघडला. तिच्या ओळखीत कुणाचा नंबर चव्वेचाळीस एक्काहत्तर आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

नावांमध्ये तो नव्हता. पण तिने केलेल्या फोनची यादी त्यांनी वर सरकवली आणि त्यांचा हात थांबला.

तोच नंबर. नाव नाही, नुसते दहा आकडे. खाली सरकवलं, तोच. अजून खाली, तोच. मध्येमध्ये बहिणीचा, गॅसवाल्याचा, त्यांचा स्वतःचा. आणि परत तोच.

ते पायरीवर बसले आणि मोटर खोलावी तशी त्यांनी ती यादी खोलली. फोन रोज व्हायचे नाहीत. पण ज्या दिवशी व्हायचे त्या दिवशी दोन व्हायचे. पहिला झाला की तासाभराने, दीड तासाने दुसरा. काही आठवडे सकाळी, काही आठवडे दुपारी. एकाही फोनवर बोलणं झालेलं नव्हतं. नुसता लावलेला. तिकडून एकदाही फोन आलेला नव्हता. आणि सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात शेवटी, तिला दवाखान्यात नेलं त्या दिवशी दुपारी एकच फोन. त्या दिवशीचा दुसरा नव्हता.

बत्तीस वर्षांच्या संसारात अंजनाने आपल्यापासून काही लपवलं असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आपण विचारलं नाही ही गोष्ट वेगळी. त्यांना आठवलं, ती दारात चौकटीला खांदा टेकून उभी असायची. हातात फोन. समोर ओढ्यापलीकडची वावरं आणि त्यामागे रेडिओ दुर्बिणीची पांढरी छत्री आभाळाकडे तोंड करून. ते पडवीत कॉइल भरत असायचे. विचारायचे, “कुनाला?” ती म्हणायची, “कुनाला न्हाई, लागत न्हाई.” ते परत तारेत डोकं घालायचे.

त्यांनी आधी आपल्या फोनवरून तो नंबर लावला. रिंग वाजली, वाजत राहिली, आपोआप थांबली. कुणी उचलला नाही. मग थोडं घुटमळून अंजनाच्या फोनवरून लावला.

दोन रिंगा झाल्या आणि तिकडून कट झाला.

गेणभाऊ फोनकडे बघत बसले. आपला फोन वाजू देतो आणि हिचा मात्र कापतो. म्हणजे जो कोण आहे, तो हिचा नंबर ओळखतो.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लावला, तर बंद असल्याचं बाई सांगत होती. दुपारी लावला, लागला. दोन रिंगा, कट. परत लावला. दोन रिंगा, कट. तिसऱ्या वेळी त्यांनी फोन तोंडाजवळ धरून आधीच बोलायला सुरुवात केली, “कोन हाय तिकडं? मी अंजनाचा मालक बोल्तोय—” कट.

असं तीन दिवस चाललं. कामात लक्ष लागेना. एका मोटरीला चोवीसऐवजी सव्वीस वेढे भरले आणि परत उपसत बसावं लागलं. त्यांना त्या माणसाशी भांडायचं नव्हतं. तो कोण आहे आणि अंजनाचं त्याच्याशी काय काम होतं, एवढं कळलं असतं तरी पुरे होतं. सोमवारी बटण दाबलं की नंबर बंद होणार आणि मग ते कधीच कळणार नव्हतं.

रविवारी दुपारी पडवीसमोर काठीचा आवाज झाला.

“गेण्या हाईस का रं?”

तो आवाज त्यांनी अकरा वर्षांनी ऐकला होता. ओढ्यापलीकडची साळुबाई. पाऊणशे वय, एका डोळ्यात मोतीबिंदू, काठी टेकत एवढा चढ चढून आलेली. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तिची मोटर भरून दिली होती. आठव्या दिवशी ती जळाली आणि साळुबाईने देवळापुढे, चार लोकांत सांगितलं, “गेण्यानं माझी तार खाल्ली.” म्हणजे कमी तांबं भरून उरलेलं ढापलं. तेव्हापासून गेणभाऊ तिच्या विहिरीकडे फिरकले नव्हते आणि तिच्याकडची वाट सोडून लांबच्या वाटेने जात होते.

“वाट चुकलीस का म्हातारे?”

“चुकायला डोळं कुठं हायेत? पायच घेऊन आलं.” ती पायरीवर बसली. “माझी मोटर बग बाबा. भूतबाधा झाल्यावानी करती.”

“आळेफाट्याला गोरख मिस्त्री हाय ना तुझा. त्याला बोलीव.”

“त्याला निरोप धाडला. तो म्हनतो पुढच्या हप्त्याला. तवर माझी मेथी सडंल.” तिने पदराने तोंड पुसलं. “आपोआप चालू व्हती रं. आन् आपोआप बंद बी व्हती. गुरुवारी कुनी हात लावला न्हाई आन् दोन तास पानी. काल तर चालू-बंद, चालू-बंद, चालू. लाईट जाईस्तोवर. मेथीत घोट्याएवडं पानी झालं.”

“मोटर कदी आपोआप चालू व्हत न्हाई,” गेणभाऊ म्हणाले. “कोनतरी चालू करतं.”

“तेच म्हनते मी,” साळुबाई म्हणाली आणि त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघत राहिली.

त्यांना ‘नाही’ म्हणायचं होतं. पण स्वतःहून चालू होणारी आणि स्वतःहून बंद होणारी मोटर चाळीस वर्षांत त्यांनी बघितली नव्हती. चिकटलेला स्टार्टर बंद होत नाही, हे कळतं. जळालेला चालू होत नाही, हेही कळतं. दोन्ही आपोआप? त्यांनी पान्हे पिशवीत टाकले, अंजनाचा फोन सवयीने खिशात टाकला आणि निघाले.

“तार खाल्ल्याचं इसरलो न्हाई मी,” ओढा ओलांडताना ते म्हणाले.

“मी तरी कुठं इसरले,” म्हातारी म्हणाली.

विहीर खाली ओढ्याकाठी होती आणि वावर वर, पंचवीस-तीस पायऱ्यांएवढ्या चढावर. पायऱ्या म्हणजे नुसते दगड लावलेले. विहिरीजवळ पत्र्याची खोली. गेणभाऊंनी कडी काढली. आत स्टार्टर होता आणि त्याच्या शेजारी खिळ्याला टांगलेली, बोटाएवढी काळी शेंडी असलेली एक पांढरी पेटी.

“हे काय?”

“ते मोबाईलचं यंत्र. गोरखनं बशिवलंय. दोन वरसं झाली.”

गेणभाऊंच्या कपाळाला आठी पडली. फोनवरून मोटर चालू करायच्या त्या डबड्यांचा त्यांना राग होता. ज्याचा नंबर त्यात भरलाय त्यानेच मिस कॉल दिला की मोटर चालू, परत दिला की बंद; लाईट नसली की डबडंही बंद. शेतकरी घरात झोपून राहतो, विहिरीत पाणी आहे की नाही बघत नाही, मोटर सुकी चालते आणि जळते. असं डबडं लावायला कुणी आलं की ते त्याला सरळ आळेफाट्याची वाट दाखवत. त्यामुळे त्याची ख्याती त्यांनी ऐकली होती, पण ते हाताळलं कधी नव्हतं.

“तुझ्याकडं तर फोन न्हाई. मग हे चालिवतं कोन?”

साळुबाई बाहेर उभी होती. तिने काठीने नुसता स्टार्टर दाखवला.

त्यांनी स्टार्टर खोलला. पट्ट्या स्वच्छ होत्या, स्प्रिंग नीट होती, वायरी घट्ट होत्या. त्यात काही बिघाड नव्हता. मग त्यांनी पांढऱ्या पेटीचे चार स्क्रू काढले. आत हिरवी पट्टी आणि खाचेत बसवलेलं सिमकार्ड. झाकण त्यांनी उलटं करून खाली ठेवलं. झाकणाच्या आतल्या बाजूला गोरखने जाड पेनाने दहा आकडे लिहून ठेवले होते.

शेवटचे चार होते चव्वेचाळीस एक्काहत्तर.

गेणभाऊंनी तो नंबर दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. मग खिशातून अंजनाचा फोन काढला आणि यादीतल्या त्या नंबरावर बोट ठेवलं.

पेटीतला बारीक हिरवा दिवा लुकलुकला. एकदा, दोनदा. फोन कट झाला. शेजारी स्टार्टरने ‘खट्ट’ केलं आणि विहिरीत मोटर घुमू लागली. पाइपात पाणी चढल्याची थरथर पत्र्याला जाणवली.

बाहेर साळुबाईने दोन्ही हात जोडले होते.

“अंजनी,” ती म्हणाली.

गेणभाऊ बाहेर आले.

“सांग आता,” ते म्हणाले.

“काय सांगायचं? माझा गुडघा गेला, डोळा गेला. लाईट कवा सकाळची, कवा दुपारची. ती आली की वरून खाली उतरायचं, मोटर चालू करायची, परत वर जाऊन पानी धरायचं, परत खाली. दोनदा पडले बग मी त्या दगडांवर. एकदा हितंच ओढ्याला बिबट्या बसल्याला, कुत्र्यावानी. अंजनी तुझ्या दारातून बगायची. एक दिस आली आन् म्हनली, मावशी, मी घरून चालू करीन. यंत्र बशीव.”

“आन् सिमकार्ड?”

“माझी बोटं त्या पोराच्या मशीनला उमटंना. ती म्हनली, आमच्या घरात एक अंगठा हाय, तो कितीदाबी लावता येतो.” साळुबाई दात नसलेल्या तोंडाने हसली. “मी भिले. म्हनलं, गेण्याला कळलं तर मारंल तुला. ती म्हनली, त्यांनी मुंगीबी मारली न्हाई कदी. नुसतं बोलत न्हाईत, तेवडंच.”

“आन् तिला कळायचं कसं, कवा चालू करायची आन् कवा बंद?”

म्हातारीने काठी उचलून वर दाखवलं. बांधावरच्या बोरीच्या फांदीला विटलेलं लाल फडकं गुंडाळलेलं होतं. “लाईट आली की मी ते सोडायचे. वाऱ्यावर दिसायचं तिला. ती फोन लावायची. वाफं भरलं की मी ते गुंडाळायचे. ती बंद करायची. सव्वा वरसात एकदाबी चुकली न्हाई.”

तिने काठी खाली टेकली.

“एकदाच. त्या दिशी पानी आलं आन् बंदच व्हईना. मी फडकं गुंडाळलं, परत सोडलं, परत गुंडाळलं. लाईट जाईस्तोवर पानी वाहत व्हतं. तवाच म्हनलं, अंजनीला काईतरी झालं. सांजच्याला कळलं, गाडीत घालून नेलं म्हून. तवापासून परत मीच वर-खाली करते.”

गेणभाऊंनी मान खाली घातली. ती यादीतली शेवटची ओळ. दुसरा नसलेला फोन. त्या दुपारी ती दारातच खाली बसली होती, हातात फोन होता. त्यांना वाटलं होतं बहिणीला लावत असेल. तो हातातून काढून त्यांनीच खिडकीत ठेवला होता.

“गुरुवारी मोटर चालू झाली आन् माझं काळीज हललं,” साळुबाई म्हणाली. “म्हनलं, ती हाय कुठंतरी. मग म्हनलं, न्हाई, ती असती तर अशी मेथी बुडवली नसती. ह्ये काम गेण्याचं.”

गेणभाऊंना हसू आलं आणि ते आवरता आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, “मला वाटलं कोन माझ्या बायकूचा फोन कापतंय.”

“आन् एक,” म्हातारी म्हणाली. “ती तार. तू न्हाई खाल्लीस. मोटर माझीच सुकी चालली व्हती. विहिरीत पानी नव्हतं, मी बगितलं न्हाई.”

“तुला कवा कळलं?”

“तवाच, पुढच्या हप्त्यात.”

“मग अकरा वरसं बोलली का न्हाईस?”

“अंजनीला बोलले. ती म्हनली, ऱ्हाऊ दे मावशी, आता सांगितलं तर ते तुझ्यावर परत रागवायला नवं कारन शोधतील.” ती काठी टेकत वळली. “बंद कर ते पानी. मेथी ऱ्हायली न्हाई माझी.”

गेणभाऊंनी फोन काढला. हिरवा दिवा दोनदा लुकलुकला, ‘खट्ट’ झालं आणि मोटर थांबली. पाइपातलं उरलेलं पाणी गुळगुळत परत विहिरीत उतरलं. त्यांनी पेटीचं झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले. मग पिशवीतून जाड वायर काढून तिथल्या तिथे एक काम केलं. विहिरीतलं पाणी खाली गेलं तर मोटर आपोआप बंद पडेल अशी जोडणी. ते डबडं त्यांना अजूनही आवडलं नव्हतं, पण अंजनाने बसवून घेतलेलं डबडं सुकी मोटर चालवणार नाही एवढी सोय त्यांनी केली.

सोमवारी ते प्रतिभाकडे गेले. तिने साईट उघडून ठेवली होती.

“सापडला का चोर?”

“सापडला.”

“कोन व्हता?”

“घरातलाच निघाला.”

प्रतिभाने त्यांच्याकडे बघितलं. तिने विचारलं, “मग? ‘माझा नंबर नाही’ दाबू?”

“न्हाई. दुसरं काय हाय?”

“‘गरज नाही’. आन् हे तिसरं, ‘गरज आहे’.”

“ते दाब.” “आन् तिचा नंबर हाय ना, दुसरा, त्याच्यापुढंबी तेच.”

तिने दाबलं. तिसऱ्या नंबराचा रिचार्ज बघितला, तर वर्षाचा होता आणि महिन्याभरात संपणार होता. गेणभाऊंनी तो आणखी एका वर्षाचा करून घेतला.

मंगळवारी लाईट दुपारची होती. पडवीत कॉइल भरताना शेतीच्या लाइनीवर जोडलेला बाहेरचा बल्ब लागलेला त्यांना दिसला. त्यांनी हातातली तार तशीच खुंटीला अडकवली, खिडकीतला फोन घेतला आणि दारात येऊन उभे राहिले.

चौकटीजवळ भिंतीचा चुना एका जागी उडून तेलकट डाग पडला होता. ती ओल आहे असं त्यांना वाटत आलं होतं, दिवाळीला तिथे नवा हात मारायचा असं ते ठरवत होते. आज ते तिथेच टेकले. त्यांचा खांदा त्या डागाच्या चार बोटं वर येत होता.

ओढ्यापलीकडे साळुबाई बोरीखाली खटपट करत होती. तिच्या हाताला गाठ सुटत नव्हती. बऱ्याच वेळाने फडकं सुटलं आणि वाऱ्यावर पसरलं.

गेणभाऊंनी फोन लावला. दोन रिंगा झाल्या, कट झाला. वर वावरात पाइपाच्या तोंडातून आधी हवा आणि मग पाणी आलेलं त्यांना इथून दिसलं.

ते आत गेले नाहीत. फडकं गुंडाळलं जाईपर्यंत दारातच उभे राहिले, कारण दुसरा फोन लावायचा होता.